दोन अक्षरांची मालकीण : हेस्टर बेटमन

लंडनच्या चॅन्सरी लेनखाली चांदीच्या दुकानांचा एक तळघरी बाजार आहे. 'लंडन सिल्व्हर व्हॉल्ट्स' हे त्याचे नाव. श्रीमंतांनी आपला ऐवज सुरक्षित ठेवावा म्हणून एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या या पोलादी दारांच्या खोल्यांत आज जुनी इंग्रजी चांदी विकली जाते. तेथे, किंवा शनिवारी पोर्टोबेलो रोडवर, अठराव्या शतकातील एखादा चमचा हाती घेऊन उलटा केला, की दांड्याच्या मागे चार-पाच बारीक ठसे दिसतात. त्यांत वळणदार लपेटीत कोरलेली 'एच' आणि 'बी' ही दोन रोमन अक्षरे असतील, तर विक्रेत्याचा स्वर किंचित बदलतो आणि किंमतही बदलते. ज्या बाईंची ही आद्याक्षरे, त्या हेस्टर बेटमन यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते.

इंग्लंडच्या चांदीच्या इतिहासात त्यांच्याहून थोर कारागीर होऊन गेले. पॉल द लामेरीसारखा निर्वासित ह्यूगनॉट कुटुंबातील कलावंत त्यांच्या आधी झाला, पॉल स्टोर नंतर. त्या दोघांची गिऱ्हाइके म्हणजे उमराव आणि राजघराणे. हेस्टरबाईंची गिऱ्हाइके होती वकील, व्यापारी, पाद्री आणि बऱ्यापैकी मिळवते दुकानदार. तरीही गेल्या शतकात जितके कौतुक आणि पुढे जितका वाद त्यांच्या वाट्याला आला, तितका त्यांच्या काळातील फार थोड्या चांदीकारांच्या वाट्याला आला असेल. त्या वादाच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. भांड्यावर नाव असते, ते नेमके कशाचे?

हेस्टरबाईंचा जन्म १७०८ सालचा, लंडनमधला, साध्या घरातला. शाळेचा संबंध आला नाही. १७३२ मध्ये त्यांचे जॉन बेटमन यांच्याशी लग्न झाले. जॉन सोन्याच्या साखळ्या करीत असत. स्वतःच्या नावाचे दुकान थाटून बसलेला हा सराफ नव्हे, तर दुसऱ्यांसाठी काम करून देणारा कारागीर. मुलेबाळे झाली, आणि संसार व कारखाना एकाच छपराखाली सुरू राहिला. पुढे हे कुटुंब बनहिल रो या रस्त्यावर राहावयास आले. तो रस्ता लंडनच्या जुन्या तटबंदीबाहेर, उत्तरेला. शेजारीच बनहिल फील्ड्सची दफनभूमी, जेथे जॉन बन्यन आणि डॅनिएल डीफो चिरविश्रांती घेत आहेत. कवी मिल्टनचे अखेरचे वास्तव्यही याच रस्त्यावरचे. आज तेथे वित्तसंस्थांच्या काचेच्या इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत, आणि आपल्यापैकी कित्येक जण मूरगेट किंवा ओल्ड स्ट्रीट स्थानकातून बाहेर पडून रोज त्याच बाजूने कामावर जात असतील.

१७६० मध्ये जॉन क्षयाने गेले. मृत्युपत्रात त्यांनी धंद्याची हत्यारे पत्नीच्या नावे केली होती. मुलगे हाताशी आलेले असताना ऐरण, हातोड्या आणि साचे विधवेकडे जाणे, ही बाब साधी नव्हती. हत्यारे ज्याची, कारखाना त्याचा. इतकी वर्षे कारखान्याचा जमाखर्च, कच्ची चांदी आणणे, तयार माल पोचवणे आणि उमेदवारांना जेवूखाऊ घालणे हे सारे कोणाच्या जिवावर चालले होते, याची ती एक प्रकारे कबुलीच होती, असे मला वाटते.

लंडनच्या कारागीर-संघांत विधवेने पतीचा व्यवसाय पुढे चालवण्याची वहिवाट होती. स्त्रियांनी ठसा नोंदवणे अपूर्व नव्हते. लुईझा कोर्टोल्ड या दुसऱ्या विधवेनेही १७६५ नंतर पतीचा चांदीचा धंदा सांभाळला. पुढे त्याच घराण्याने कापडधंद्यात संपत्ती मिळवली, आणि लंडनची प्रसिद्ध कोर्टोल्ड गॅलरी आज त्या घराण्याचेच नाव चालवते. परंतु बहुतेक विधवा काही वर्षे गाडा ओढीत, मुलगा जाणता झाला की बाजूला होत. हेस्टरबाईंनी १६ एप्रिल १७६१ रोजी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आपला ठसा नोंदवला तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यानंतर जवळपास तीस वर्षे कारखाना त्यांच्या नावाने चालला.

येथे थोडे थांबून त्या ठशाचा अर्थ समजून घेतला पाहिजे, कारण पुढची सगळी गुंतागुंत त्याच्याभोवती आहे. इंग्लंडमध्ये चांदीचा कस सरकारमान्य संस्थेने तपासून देण्याची पद्धत सात शतकांची आहे. हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी भरली, तरच वस्तूवर चालत्या सिंहाचा ठसा उमटतो. लंडनमध्ये तपासले, याची खूण म्हणून बिबट्याचे तोंड. वर्ष कळावे म्हणून एक अक्षर. हे ठसे गोल्डस्मिथ्स 'हॉल'मध्ये मारले जात, म्हणूनच 'हॉलमार्क' हा शब्द रूढ झाला. भारतात सराफाच्या पेढीवर आपण आज तो सहज उच्चारतो. यांशिवाय असतो तो माल तपासणीला पाठवणाऱ्याचा ठसा. संग्राहक त्याला घडवणाऱ्याचा ठसा म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने ती केवळ जबाबदारीची खूण आहे. कस कमी भरला, तर कोणाला धरायचे, एवढेच ती सांगते. त्या भांड्यावर कोणाची हातोडी पडली, कोरणी कोणी चालवली, याबद्दल ती मौन पाळते.

आपल्या घरांतल्या भांड्यांवरही नावे असतात. लग्नात, मुंजीत आलेल्या तांब्यावर, पातेल्यावर देणाऱ्याचे किंवा मालकाचे नाव आणि तारीख घातलेली असते. ते घडवणाऱ्या कासाराचे नाव कोणाच्या ध्यानीमनी नसते. इंग्रजी भांड्यावर दोन्ही सापडतात. समोर मालकाचे मानचिन्ह किंवा आद्याक्षरे, आणि पाठीमागे किंवा तळाशी, लपून, कारखानदाराची.

पहिली दहा-बारा वर्षे हेस्टरबाईंची अक्षरे क्वचितच दिसतात. काम थांबले होते म्हणून नव्हे. कारखाना मुख्यतः इतर सराफांसाठी माल बनवीत होता, आणि तो माल विकणारे आपला ठसा त्यांच्या ठशावर मारून तो झाकून टाकीत. भिंगाखाली पाहिले तर कधीकधी वरच्या अक्षरांखालून खालच्या अक्षरांची एखादी वेलांटी डोकावते. आजच्या भाषेत हा उपकंत्राटी धंदा. नाव दुसऱ्याचे, मेहनत आपली. १७७०च्या दशकाच्या मध्यापासून मात्र चित्र पालटते आणि 'एच बी' उघडपणे, मोठ्या संख्येने दिसू लागतात.

हा पालट कसा झाला, हे त्या काळचा बाजार पाहिला की उलगडते. १७४०च्या दशकात शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर यांना तांब्यावर चांदीचा पातळ थर तापवून कायमचा बसवण्याची युक्ती सापडली होती. त्या 'शेफील्ड प्लेट'ने मध्यमवर्गाला थोड्या पैशांत चांदीचा थाट मिळवून दिला, आणि लंडनचे चांदीकार धास्तावले. त्याच सुमारास रॉबर्ट अॅडम हा वास्तुशिल्पी इटलीहून परतला. पाँपेई आणि हर्क्युलेनियम येथील उत्खननातून उजेडात आलेले कलश, हार आणि सुबक लंबगोल यांची नवी अभिरुची त्याने घराघरांत नेली. आधीच्या पिढीची फुगीर, वेलबुट्टीदार रोकोको भांडी जुनाट वाटू लागली. नव्या घाटांना सरळ भिंती, सपाट तळ आणि स्वच्छ रेषा हव्या होत्या. अशी भांडी रूळयंत्रातून काढलेल्या पत्र्यापासून झटपट करता येत.

बेटमन कारखान्याने ही संधी अचूक हेरली. पूर्वी चहादाणी करायची म्हणजे चांदीची जाड चकती ऐरणीवर ठेवून, पुन्हापुन्हा तापवून आणि ठोकून, तिचा खोलगट घाट वर उठवायचा. ते दिवसच्या दिवस चालणारे काम. नव्या पद्धतीत पत्रा कापायचा, लंबगोल वळवायचा, मुठीमागे सांधा जोडायचा, तळ बसवायचा आणि कडेने बारीक मण्यांची पट्टी डकवायची. चांदी कमी लागे, वेळ कमी लागे, शिवाय वस्तू अस्सल स्टर्लिंगची राही. तांब्यावरच्या मुलाम्याला खरी चांदी अशा प्रकारे थेट टक्कर देऊ लागली.

पण निव्वळ स्वस्ताईवर हे नाव टिकलेले नाही. मण्यांची ती किनार पाहावी. पत्र्याची कड मुडपू नये म्हणून तिची गरज होतीच, पण बेटमन कारखान्याने तिला दागिन्याच्या कडेसारखी नजाकत दिली. त्यांच्या चांगल्या कामावरची कोरणी तर खास म्हणावी अशी. धारदार पोलादी हत्याराने तिरपे, चकचकीत छेद घेत चांदीचे सूक्ष्म कण उडवायचे, म्हणजे प्रत्येक छेद आरशाच्या कपच्यासारखा प्रकाश परततो. मेणबत्तीच्या उजेडात अशी चहादाणी हलली, की तिच्या अंगावरचा फुलांचा हार लुकलुकत असे. विजेच्या दिव्याखाली, काचेच्या कपाटात, त्यातले निम्मे सौंदर्य झोपलेले असते. मिठाच्या आणि मोहरीच्या भांड्यांना नाजूक जाळीकाम, आणि त्यातून दिसणारी गर्द निळ्या काचेची वाटी. ती वाटी शोभेची खरी, पण मीठ चांदीला खाते म्हणून आवश्यकही. सपाट तळाच्या चहादाणीच्या उष्णतेने मेजावर डाग पडू नये म्हणून तिच्याखाली चार पायांची छोटी तबकडी. उपयोगातून उगवलेली शोभा, हे या कामाचे मर्म म्हणता येईल.

चहाचा इतका उल्लेख येतो, त्यालाही कारण आहे. ईस्ट इंडिया कंपनी चीनमधून आणीत असलेल्या चहावर जबर कर होता. १७८४ मध्ये तो ११९ टक्क्यांवरून एकदम साडेबारा टक्क्यांवर उतरला. चहा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला, आणि पाठोपाठ चहादाण्या, दुधाची चंचुपात्रे, साखरेच्या परड्या आणि साखरेचे चिमटे यांची मागणी वाढली. मौज अशी, की त्याच वर्षी सरकारने चांदीवर मात्र औंसामागे सहा पेन्स कर बसवला. कर भरल्याची खूण म्हणून १ डिसेंबर १७८४ पासून राजे तिसरे जॉर्ज यांच्या मुखवट्याचा ठसा मारला जाऊ लागला. सुरुवातीची दीडेक वर्षे हा मुखवटा चांदीत खोल रुतलेला असे, नंतर तो उठावाचा झाला. हेस्टरबाईंच्या अखेरच्या वर्षांतील एखाद्या चमच्यावर तो रुतलेला मुखवटा दिसला, तर वर्षाचे अक्षर पुसट असले तरी काळ नेमका सांगता येतो.

वजनाशी असलेल्या या करामुळे पातळ कामाला आणखी उत्तेजन मिळाले असणार. मात्र त्या पातळपणाची किंमत आजचा संग्राहक मोजतो. बेटमनची वस्तू घेताना नक्षीआधी प्रकृती पाहावी, असे जाणकार सांगतात. चहादाणीच्या मुठीजवळचा सांधा, चोचीचा बुंधा, झाकणाची बिजागरी या पहिल्या दुखऱ्या जागा. भांड्यावर तोंडाने वाफ सोडली, की पृष्ठभाग क्षणभर धुरकट होतो आणि एरवी न दिसणारी सोल्डरची रेघ उमटते. जाळीकामाचा एखादा धागा तुटला आहे काय, हे बोट फिरवून नव्हे तर उजेडासमोर धरून पाहावे. मधोमध अंगठ्याने हलकेच दाबल्यावर पत्रा आत-बाहेर झाला, तर जुन्या मालकाचे मानचिन्ह खरवडून काढले आहे असे समजावे. नव्या मालकाला दुसऱ्याचा वंशगौरव नको असतो, पण तो पुसताना चांदीची साल निघते. तबकांच्या तळाशी कधी टोकदार सुईने ओरखडल्यासारखे आकडे आढळतात. ते वजन असते, ट्रॉय औंसात. एक ट्रॉय औंस म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅम, आपल्या पावणेतीन तोळ्यांहून थोडे कमी. आजचे वजन त्या आकड्याहून फारच घटलेले असेल, तर दोन शतकांच्या घासपुशीने, किंवा कोणाच्या तरी कानशीने, ते कोठे गेले हे शोधावे लागते.

आपण मराठी माणसे चांदी पाहतो ती प्रथम वजनात. घडणावळ हा वेगळा खर्च, मोडीत काढताना बुडणारा. या हिशेबाने बेटमनची चहादाणी तोट्याची, कारण तिच्यात चांदी थोडी आणि घडणावळच जास्त. पण अडीच शतकांनंतर लिलावात पैसे मिळतात ते बुडायला हवी होती त्या घडणावळीचेच. मोडीचा मोह इंग्रजांनाही सुटला नाही. १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतील सट्ट्यामुळे चांदीचा भाव औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला, तेव्हा किती जुने चमचे आणि तबके मुशीत गेली, याची गणती नाही.

१७९० मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, हेस्टरबाई धंद्यातून निवृत्त झाल्या. पीटर आणि जॉनथन या मुलांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आपला संयुक्त ठसा नोंदवला. काही महिन्यांतच, १७९१ मध्ये, जॉनथन वारले. तेव्हा तीस वर्षांपूर्वीचाच प्रसंग बनहिल रोवर पुन्हा उभा राहिला. जॉनथनची विधवा अॅन हिने दीर पीटरसह मे १७९१ मध्ये ठसा नोंदवला, आणि पीटर व अॅन यांच्या अक्षरांनी आलेले काम काही बाबतींत सासूबाईंच्या कामाहूनही नेटके आहे, असे मानणारे पुष्कळ जण आहेत. हेस्टरबाईंनी हे पाहिले. १७९४ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन झाले. १८०० मध्ये अॅनचा मुलगा विल्यम भागीदार झाला, पाच वर्षांनी अॅन बाजूला झाल्या, आणि घराणे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांदीतच राहिले.

व्हिक्टोरिया राणीच्या काळात या साध्या, स्वच्छ कामाची कोणालाच महती उरली नव्हती. उलट ते ओकेबोके वाटे. जुने साधे जेवणाचे चमचे घेऊन त्यांच्या खोलगट भागात द्राक्षे, नासपती, पाने यांचा उठाव ठोकायचा, वर सोन्याचा मुलामा चढवायचा आणि फळांचे चमचे म्हणून विकायचे, असा एक उद्योगच तेव्हा चालला. ते चमचे आजही पेट्यांतून, मखमलीवर मांडून विकले जातात. दिसायला रुबाबदार, ठसे अस्सल जॉर्जियन, पण मूळ वस्तू कायमची बिघडलेली. हौशी खरेदीदार येथे हमखास फसतो.

मग विसावे शतक उजाडले आणि पारडे दुसऱ्या टोकाला गेले. अमेरिकन संग्राहकांना बनहिल रोच्या निरक्षर विधवेची कथा भावली. १९५९ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ निघाला, त्याच्या शीर्षकातच त्यांना इंग्रजी चांदीकारांची राणी म्हटले आहे. भाव चढले. भाव चढताच खोटे ठसेही आले, शिवाय कुठल्याशा चमच्याचे अस्सल ठसे कापून दुसऱ्या, अधिक मोलाच्या भांड्यात बेमालूम बसवण्याचे प्रकारही. यावर प्रतिक्रिया उमटणे स्वाभाविक होते. अभ्यासकांनी दाखवून दिले, की याच तोडीचे काम करणारे इतर कारखाने लंडनमध्ये होते. हेस्टरबाई प्रत्यक्ष ऐरणीवर बसत होत्या याला पुरावा नाही, आणि त्यांच्या नावाचा पुष्कळसा माल चमचे आणि चिमटे अशा नित्याच्या वस्तूंचा आहे.

आक्षेप खरे आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. द लामेरी किंवा स्टोर यांच्या नावावरील प्रत्येक भांडे त्यांनी स्वतः ठोकले, असे कोणीही मानत नाही. त्यांच्याही कारखान्यांत ओतारी, कोरणीवाले आणि उमेदवार राबत होते. तेथे ठशाकडे पाहून गुरूची दृष्टी दिसते आणि विधवेच्या ठशाकडे पाहून फक्त नोंदवहीतील सोय दिसते, हा न्याय सारखा नव्हे. साचा कोणता, पत्रा किती जाडीचा, कोरणीवर किती पैसे घालायचे आणि कोठे हात आखडायचा, हे निर्णय कोणीतरी तीस वर्षे घेत होते. दुसऱ्यांसाठी माल करणारा कारखाना आपल्या नावाने विकू लागला तो त्याच काळात.

अमेरिकेतील वाचकांना हे काम पाहायचे असेल, तर वॉशिंग्टनच्या नॅशनल म्युझियम ऑफ विमेन इन द आर्ट्समध्ये ब्रिटिश व आयरिश स्त्री-चांदीकारांचा मोठा संग्रह आहे आणि त्यात बेटमन घराण्याला मानाचे स्थान आहे. लंडनकरांसाठी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाची चांदीची दालने आहेत. ज्यांना हाताळून पाहायचे आहे त्यांनी साखरेच्या चिमट्यापासून सुरुवात करावी. तो या घराण्याच्या वस्तूंपैकी अद्याप सर्वात परवडणारा. एकाच लांब पट्टीला बाक देऊन तो केलेला असतो, त्यामुळे मोडतो तो बाकाच्या माथ्यावर. तेथे वाफ सोडून आडवी रेघ उमटते का ते आधी पाहावे, आणि मगच दांडीच्या आतल्या बाजूची ती दोन अक्षरे भिंगाखाली धरावीत.